वाइन-आस्वादन : थंड हवामानातील टेबल व डेझर्ट वाइन

थंड हवामानातील द्राक्षांच्या, जेवणाबरोबर घ्यायच्या टेबल वाइन आणि जेवणानंतरच्या गोड डेझर्ट वाइन पाहून, हुंगून व चाखून त्यांची पारख करण्याची पद्धत. जर्मनीतील मोझेल खोरे, फ्रान्समधील शाब्ली, शॅम्पेन व लुआर, हंगेरीतील टोकाय, कॅनडातील नायगारा द्वीपकल्प, न्यूझीलंडमधील मार्लबरो व सेंट्रल ओटॅगो आणि ऑस्ट्रेलियाचा टास्मानिया हे या वाइनचे नावाजलेले मुलूख. प्रस्तुत नोंदीत ही पद्धत मराठवाड्याच्या संदर्भात दिली आहे. येथे असे हवामान कुठेच नाही. द्राक्षबागा मात्र आहेत, आणि आंबटगोड पारखणारी जीभही आहे.

हवामान आणि आम्ल : या वाइनचा सगळा डोलारा आंबटपणावर उभा असतो. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले प्रमुख. टार्टारिक उष्णतेत बऱ्यापैकी टिकून राहते. मॅलिक मात्र मणी पिकताना श्वसनात खर्च होते, आणि ऊन जितके कडक तितके लवकर. साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावरच्या मोझेलला द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे हवा गार होत जाताना पिकतात. साखर सावकाश चढते, आम्ल शिल्लक राहते. मराठवाड्यात नेमके उलटे. येथे वेल थंडीतही पुरती झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षात दोन छाटण्या घेतो : उन्हाळ्याच्या तोंडावर खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. घड जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन तापत जाताना तयार होतात. साखर झपाट्याने भरते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते. चौदाव्या शतकात दौलताबादेला आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे लिहून ठेवले आहे. त्यामागेही वेलीचा हाच जागेपणा असावा.

हवामान मोजण्याची रूढ रीत कॅलिफोर्नियातील द्राक्षतज्ज्ञ अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये मांडली. उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रोजचे सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या जितके वर असेल तितके अंश मिळवत जायचे; बेरीज सुमारे १,३९० च्या आत राहिली तर तो प्रदेश सर्वांत थंड गटात. मराठवाड्यात रोजची सरासरी बारा महिने १० च्या बरीच वर असते, त्यामुळे या तक्त्यात त्याचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षाचे गाव म्हणून ओळखले जाते. मराठवाड्यात मुख्यतः थॉम्पसन, सोनाका अशा खाण्याच्या, बिनबियांच्या जाती घेतात. वाइनची द्राक्षे वेगळी : मणी लहान, साल जाड, आत बिया. पण रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजायच्या यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब पिळायचा, झाकण लावायचे आणि नळी उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, ही कृती दोन्हीकडे सारखीच. खाण्याच्या द्राक्षाला १६ ते १८ ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) गोडी आली की तोडणीची बोलणी सुरू होतात. कॅनडातील आइसवाइनला, म्हणजे वेलीवर गोठलेल्या द्राक्षांच्या वाइनला, किमान ३५ ब्रिक्स लागते. आम्ल मात्र हे यंत्र दाखवत नाही, आणि थंड मुलखातला वाइनकर तोडणी ठरवताना आम्लाकडेही तितकेच लक्ष ठेवतो.

टेबल वाइनची पारख : पेला दांडीला धरून पांढऱ्या कापडावर तिरपा करतात आणि कडेचा रंग पाहतात. तरुण रीसलिंग (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) जवळजवळ पाण्यासारखी, किंचित हिरवट; वय वाढेल तशी ती सोनेरी होते. मग पेला फिरवून हुंगायचा. रीसलिंगमध्ये लिंबू आणि हिरवे सफरचंद, तर जुन्या बाटलीत चक्क रॉकेलची आठवण करून देणारा वास येतो. तो दोष नव्हे. टीडीएन नावाच्या संयुगामुळे तो येतो आणि जाणकार तो शोधत असतात. मार्लबरोच्या सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये पायराझिन गटातल्या संयुगांमुळे ढोबळी मिरची, तर थायॉल या गंधकयुक्त संयुगांमुळे पिकलेला पेरू जाणवतो. इंग्रजी वर्णनांत गूजबेरी, ब्लॅककरंट अशी नावे येतात. ज्याने ती फळे कधी खाल्ली नाहीत त्याने ती पाठ करण्यात अर्थ नाही. कैरी, मोसंबी, पेरू, करवंद, आंबट बोर, सुके अंजीर एवढ्या सामग्रीवर येथल्या माणसाचे काम नीट भागते.

तोंडात घोट घेतल्यावर खरी परीक्षा आम्लाची. घोट थुंकून किंवा गिळून मान थोडी पुढे झुकवायची आणि जिभेखाली लाळ किती वेगाने सुटते ते पाहायचे. गोडी आंबटपणाला झाकते, म्हणून गोड वाइनमध्ये जिभेपेक्षा लाळेवर विश्वास ठेवावा. चिंच-गुळाच्या आमटीत हेच होते : जीभ गोड म्हणते, पण तोंडाला पाणी सुटते ते चिंचेमुळे. त्यानंतर अल्कोहोलची ऊब, तांबड्या वाइनमध्ये टॅनिनचा तुरटपणा, आणि शेवटी चव किती वेळ रेंगाळते याची नोंद. मोझेलच्या काबिनेट या हलक्या प्रकारच्या वाइनमध्ये अल्कोहोल अनेकदा ८ ते ९ टक्केच असते, शाब्लीत १२ च्या आसपास. पातळपणा आणि हलकेपणा यांत फरक आहे; हलकी वाइनही घोट संपल्यावर बराच वेळ बोलत राहते.

डेझर्ट वाइन : साखर वाढवण्याचे थंड मुलखातले मुख्य मार्ग तीन. पहिला साधा : घड उशिरापर्यंत वेलीवर ठेवायचे. दुसरा बुरशीचा. टोकायला बोड्रोग आणि टिसा नद्यांवरून शरदात पहाटे धुके येते आणि दुपारी ऊन पडते. या ओल-वाळीत बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी मण्याच्या सालीला बारीक छिद्रे पाडते, पाणी उडून जाते आणि रस दाट होतो. असे सुरकुतलेले मणी एकेक वेचून आसू वाइन करतात. तिच्यात लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असावी लागते. मध, सुके जर्दाळू आणि केशर हे तिचे वास. टोकायच्या सीमा १७३७ च्या राजाज्ञेने आखल्या गेल्या. हीच बुरशी पाऊस लागून राहिला की घड कुजवते. येथल्या बागायतदाराला बुरशी म्हणजे भुरी किंवा केवडा, म्हणजे फवारणीचा खर्च. बुरशीची वाट पाहणारा शेतकरी त्याला वेडाच वाटेल. त्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसारखे संकट आले की घड वेलीवर राखून ठेवण्याचे धाडस कोण करणार?

तिसरा मार्ग गोठवण्याचा. जर्मनीत उणे ७ आणि कॅनडात उणे ८ अंश किंवा त्याहून कमी तापमानात घड वेलीवरच गोठू देतात, बहुधा रात्री किंवा पहाटे तोडतात आणि गोठलेल्या अवस्थेतच दाबतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो, साखर आणि आम्ल दोन्ही दाट होऊन थेंबथेंब उतरतात. रस नेहमीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघतो, म्हणून बाटल्या लहान आणि किंमत मोठी. २०१९ च्या हंगामात जर्मनीत पुरेशी थंडीच पडली नाही आणि देशभर आइसवाइनचे पीक हुकले.

मराठवाड्यातील आस्वादन : येथे पहिला शत्रू उकाडा. पुस्तकांत तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे लिहिलेले असते. ते युरोपातल्या जुन्या दगडी घरांचे १६-१८ अंश, परभणीच्या मे महिन्यातले नव्हे. पिनो न्वार ही तांबडी वाइन फ्रिजमध्ये ठेवून १४ अंशांच्या आसपास द्यावी, रीसलिंग ८ ते १० आणि डेझर्ट वाइन ६ ते ८ अंशांना. पेल्यात एका वेळी ५० मिलिलिटरच ओतावी, कारण पेला पाहता पाहता तापतो. १९७७ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा, सुमारे २१५ मिलिलिटरचा, तोंडाशी निमुळता पेला यासाठी बरा. क्रम कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या, वाइनकडून गोडाकडे.

खोलीत उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, आणि स्वयंपाकघरात कांद्याची फोडणी तर नकोच. सुपारी किंवा तंबाखू खाऊन आलेल्याला चाखायला बसवण्यात अर्थ नाही. त्याची जीभ आधीच थकलेली असते. दोन वाइनच्या मध्ये तोंड साफ करायला बिस्किटापेक्षा कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चांगला, कारण त्यात साखर नसते. थुंकण्यासाठी पिकदाणी ठेवावी. सहा-सात वाइन चाखायच्या तर गिळून भागत नाही.

जेवणाशी जोड लावताना तिखट लक्षात ठेवावे. अल्कोहोल आणि टॅनिन तिखटाचा जाळ वाढवतात, थोडी गोडी तो शमवते. येसर आमटी किंवा ठेच्यापुढे भारी तांबडी वाइन हरते. किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग निभावून नेते. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाला गार केलेली पिनो न्वार चालते. डेझर्ट वाइनचा नियम एकच : पक्वान्न वाइनपेक्षा कमी गोड हवे. जिलेबीपुढे कोणतीही वाइन आंबट आणि फिकी लागते. सीताफळाच्या बासुंदीत साखर हात राखून घातली तर आसू वाइन तिच्याबरोबर शोभते.

इतिहास : परदेशी वाइनशी या भागाचा संबंध जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेर (तगर) येथून भडोचला माल जात असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच भडोच बंदरात येणाऱ्या वाइनपैकी इटलीची जास्त पसंत केली जाई असेही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातला पुरुष हातात पेला घेऊन बसलेला दिसतो.

साठवण : बाटली आडवी, अंधारात आणि शक्य तर १२-१५ अंशांत ठेवावी, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या कपाटात एका उन्हाळ्यात ती उकडून निघते आणि बूच बाहेर सरकते. उघडल्यावर साधी पांढरी वाइन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, तर आइसवाइन किंवा आसू साखर व आम्लामुळे आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त टिकते.