एम-६-ए: आरएनएवरची खूण दिसायला इतकी वर्षे का लागली

आरएनएत ए, यू, जी, सी या चार अक्षरांपलीकडेही (म्हणजे चार न्यूक्लिओटाइडांपलीकडेही) काही आहे, हे १९५१ मध्येच दिसले होते. ते पाचवे न्यूक्लिओटाइड म्हणजे स्यूडोयुरिडिन. आज असे दीडशेहून अधिक रासायनिक बदल माहीत आहेत. सर्वाधिक विविधता टीआरएनएत, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणणाऱ्या आरएनएत. एमआरएनएच्या (जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) आतल्या भागात मुख्यतः एम-६-ए आढळतो: ॲडेनोसिनच्या सहाव्या जागेवरील नायट्रोजनला जोडलेला मिथाइल गट.

तो १९७४ मध्ये सापडला, पण पुढची जवळजवळ चार दशके विषय रेंगाळला. अडचण हत्याराची होती. क्रम वाचायला आरएनएचा सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करावा लागतो. मिथाइल गट असला तरी ॲडेनोसिन टी-शीच (डीएनएतले यू-च्या जागचे अक्षर) जोडी लावते, त्यामुळे सीडीएनएत खुणेचा मागमूस राहत नाही.

२०११ मध्ये एफटीओ हे एन्झाइम हा गट काढून टाकते असे दिसले. खूण लावता येते तशी पुसताही येते, हे कळताच सगळ्यांचे लक्ष इकडे वळले. २०१२ मध्ये एम-६-एला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने आरएनएचे तुकडे वेचून पहिले नकाशे निघाले. २०१४ मध्ये वायटीएचडीएफ-२ हे प्रथिन खूण असलेला एमआरएनए लवकर मोडीत काढते, हे सिद्ध झाले. वनस्पतींतही खुणेवाचून भागत नाही: खूण लावणारे एन्झाइम नसेल तर अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा भ्रूण वाढतच नाही. २०२१ मध्ये तर एफटीओचे मानवी जनुक घातलेल्या भात व बटाट्याचे शेतातले उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले.

मराठवाड्यात खुणांचे नकाशे काढण्याचे हे काम कपाशीवर करायचे तर खरी कसोटी आरएनए काढतानाच लागते. पानातल्या पॉलिफेनॉलमुळे ट्रायझॉलने (आरएनए काढण्याच्या नेहमीच्या द्रावणाने) तपकिरी गोळा मिळतो आणि तो पुढच्या एन्झाइमांना अडवतो. पान शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे. बफरमध्ये सीटॅब (पेशी फोडणारा डिटर्जंट), पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारा पॉलिमर) आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (ऑक्सिडीकरण रोखणारे) प्रत्येकी २ टक्के, तापमान ६५ अंश. क्लोरोफॉर्मने दोनदा धुऊन १० मोलर लिथियम क्लोराइड पाव पट घालावे व ४ अंशांवर रात्रभर ठेवावे, म्हणजे आरएनए खाली बसतो. मात्र लिथियम क्लोराइडने टीआरएनए नीट खाली बसत नाही; टीआरएनएवरचे बदल पाहायचे असतील तर ही रीत चालणार नाही.

त्यानंतर पॉली-ए निवड (ए-ची शेपटी असलेला एमआरएनए वेगळा काढणे) दोनदा करावी, कारण राइबोझोमच्या आरएनएतही एम-६-ए असतो आणि अँटिबॉडी तोच आधी धरते. सुमारे १०० न्यूक्लिओटाइडचे तुकडे करून थोडा भाग अँटिबॉडी न लावता 'इनपुट' म्हणून बाजूला ठेवावा. तो नसेल तर ज्या जनुकाचा आरएनए मुळातच भरपूर, त्याच्यावरच खुणा जास्त असल्याचा भास होतो.