डेटवर अत्याचार झाला तर: रुग्णालय, पोलीस ठाणं आणि कॉलेजची समिती

तक्रार करायची की नाही, हे ठरवायला वेळ लागतो. तो खुशाल घ्यावा, कारण बलात्काराची फिर्याद द्यायला कायद्यात मुदत नाही. अंगावरचा आणि कपड्यांवरचा पुरावा मात्र थांबत नाही. म्हणून आधी रुग्णालय गाठा. गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. पेयात गुंगीचं काही मिसळल्याचा संशय असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि लघवीचा नमुना लगेच द्या, कारण त्याचा माग काही तासांतच पुसला जाऊ शकतो. आंघोळ न करता जाणं उत्तम, पण केली असेल तरी जाच. कपडे न धुता कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो.

रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि तातडीने द्यावे लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. पोलिसांना कळवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. पोलिसांशी बोलायची तयारी नसेल तर तसं केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. तपासणीला तुमची संमती लागते आणि नको तो भाग नाकारता येतो. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून आधी संबंध आले होते का ते पाहणं) कोणी करू पाहिली तर सरळ नाही म्हणा. ती करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

आता फिर्याद देण्याच्या ‘पात्रते’चा प्रश्न. ‘ती स्वतःहून त्याच्यासोबत गेली होती’, ‘दोघं फिरत होते’, ‘तिनेही प्यायली होती’ यातल्या कशानेही फिर्याद बाद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती, असं धरता येत नाही. नशेमुळे कशाला होकार देतोय हे कळत नसेल, तर तो होकारच नव्हे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवावं: वय १८ पेक्षा कमी असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि घटना कळलेल्या प्राध्यापकालाही ती पोलिसांना कळवावीच लागते.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगितलं तर ‘झिरो एफआयआर’ (हद्द न पाहता नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाणारी फिर्याद) नोंदवायला सांगा. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. सोबत कागदपत्रांची फाइल लागत नाही. सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, न बोललेलं वाक्य खोडायला लावा आणि प्रत घ्या, ती मोफत मिळते. चॅट डिलीट करू नका, त्याच्या ‘काल जे झालं त्याबद्दल सॉरी’ या मेसेजला फार वजन असतं. फोन बदलायचा असेल तरी जुना जपून ठेवा.

लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती पोलिसांना पर्याय नाही, दोन्हीकडे जाता येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांनुसार लेखी अर्ज घटनेपासून तीन महिन्यांत द्यायचा. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. अर्जात तारीख, जागा, घटनाक्रम आणि साक्षीदारांची नावं हवीत, अलंकारिक भाषा नको. पोच घ्या. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. तोवर समोरच्याला तुमच्यापासून लांब ठेवणं, तुम्हाला रजा देणं, हे मागता येतं. सहल, शिबिर, फेस्टिव्हल हेही कॅम्पसमध्येच मोजतात. मित्राच्या फ्लॅटवरच्या पार्टीबाबत समिती हात वर करू शकते. पोलिसांना ती सोय नाही. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही समितीकडे जाऊ शकतात. ‘मुलाचं करिअर आहे, मिटवून टाका’ हे ऐकायला मिळेलच. पण समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच होऊ शकतो, आणि तोही पैशांच्या बदल्यात नाही.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, महिलांना उत्पन्नाची अट नाही (फोन १५१००). महाराष्ट्रात अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्यही तिथूनच मंजूर होतं. त्यासाठी एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुक जवळ ठेवा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.