'लॉक' फाइल उडवली की अपग्रेड सुरू होतं?

उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर अपग्रेड करताना 'कुड नॉट गेट लॉक' (कुलूप मिळालं नाही) अशी एरर आली, की तिच्यात नाव असलेली लॉक फाइल 'आरएम' या कमांडने डिलीट करा, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बऱ्याचदा त्यानंतर काम होतंही, म्हणून तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण अडवणारी गोष्ट ती फाइल नव्हेच. काहीही चालू नसताना व्हार, त्यात लिब, त्यात डीपीकेजी (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामचं नाव) अशा फोल्डरात बघा: 'लॉक-फ्रंटएंड' फाइल तिथे असतेच, शून्य बाइटची. खरं कुलूप कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सांभाळतो आणि ते धरणारा प्रोग्राम संपला, की आपोआप सुटतं. फाइल उडवली तर दुसरा प्रोग्राम नवी फाइल बनवून तिच्यावर वेगळं कुलूप घेतो. मग दोघं एकाच वेळी पॅकेजच्या, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, नोंदी लिहू लागतात, आणि खरा घोळ तिथे होतो.

आता एरर नीट वाचा. नव्या आवृत्त्यांत कुलूप कोणत्या प्रोसेसकडे (चालू प्रोग्रामकडे) आहे, तिचा नंबर आणि नाव तिथेच छापलेलं असतं. मशीन नुकतंच सुरू केलं असेल तर बहुधा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स', म्हणजे मागे गुपचूप चालणारे सुरक्षा अपडेट. तो नंबर 'पीएस -पी' या कमांडला देऊन खात्री करा आणि थांबा. (चहा घेऊन या, खरंच.)

मध्येच वीज गेल्याने अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. तिथेही फाइल उडवायची गरज नाही.