लहान बोअरच्या काडतुसांचे पुनर्भरण : दोष आणि निदान

छर्‍याच्या बंदुकीच्या उडालेल्या काडतुसाची पुंगळी जपून ठेवायची, तिच्यात नवा प्राइमर (दारू पेटवणारा, बोलीत टोपी), दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली डाट) आणि छर्रे भरायचे आणि तोंड घडी घालून बंद करायचे, या कामाला पुनर्भरण म्हणतात. या नोंदीत 20 बोअर, 28 बोअर आणि .410 ही काडतुसे लहान बोअरची धरली आहेत. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात जितक्या मावतात तो बोअरचा आकडा, म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. 12 बोअरचा व्यास सुमारे 18.5 मिमी, 20 चा 15.6 आणि 28 चा 14 मिमी असतो. .410 हा मात्र इंचातला व्यास आहे, तो 10.4 मिमी भरतो.

खानदेशात परवान्याची बंदूक म्हटली की 12 बोअर किंवा ठासणीची डोळ्यांपुढे येते. .410 चे नाव ऐकलेले असते ते पोलिसांच्या जुन्या मस्केटमुळे. त्या मस्केटचे काडतूस .303 रायफलच्या पुंगळीवर, पण मान न आवळता बनवलेले असते. छर्‍याच्या नेहमीच्या .410 काडतुसाचा आकार वेगळा, त्यामुळे एकाची पुंगळी दुसऱ्याच्या जागी चालत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही.

अरुंद नळीतली थप्पी

12 बोअर भरण्यात हात बसलेला माणूसही .410 वर अडखळतो. पुंगळीत खालून वर दारू, वॅड आणि छर्रे अशी थप्पी लागते. थप्पीची उंची नेमकी आली तरच घडी नीट बसते. रुंद पुंगळीत चिमूटभर जास्त पडले तर उंची जेमतेम हलते. अरुंद पुंगळीत तेवढ्यानेच तोंड उघडे राहते. दाबाची मर्यादाही लहान बोअरला जास्त असते. अमेरिकेतील सामी या मानक संस्थेने 12 बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला दर चौरस इंचाला 11,500 पौंड, 20 ला 12,000, 28 ला आणि अडीच इंची .410 ला 12,500, तर तीन इंची .410 ला 13,500 पौंड ही कमाल मर्यादा ठरवली आहे. म्हणून पुंगळी, प्राइमर, दारू आणि वॅड यांचा छापील तक्त्यात दिलेला जोड जसाच्या तसा वापरावा. त्यातली एक वस्तू बदलली की तो तक्ता त्या काडतुसाला लागू राहत नाही.

घडी वाचणे

आत काय बिघडले ते घडी सांगते. चांगली घडी सपाट असते आणि पुंगळीच्या काठापासून साधारण 1.2 ते 1.5 मिमी खाली बसते. ती मध्ये खोलगट, वाटीसारखी झाली तर थप्पी कमी पडली आहे: दारू किंवा छर्रे कमी आले, किंवा वॅड आखूड आहे. घडी फुगली, पाकळ्या मिटल्या नाहीत, तर थप्पी जास्त झाली आहे. पाकळ्या भोवऱ्यासारख्या पिळल्या असतील तर बहुधा घडीची डाय (आकार देणारा साचा) गरजेपेक्षा खाली उतरते आहे. मध्यभागी भोक राहून बारीक छर्रे गळत असतील तर घडीची सुरुवात करणाऱ्या डायच्या पाकळ्या पुंगळीशी जुळतात का ते पाहावे. सहा पाकळ्यांच्या पुंगळीला आठाची डाय लावली की जुन्या घड्या मोडतात आणि तोंड कधीच बंद होत नाही.

इथे एक चूक फार होते. घडी वाईट दिसली की लोक आधी डायचा स्क्रू फिरवतात. दोष थप्पीत असताना डाय खाली घेतली तर पुंगळीचे अंग चुरगळते, कमरेला फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) जात नाही. म्हणून आधी ते काडतूस उघडून दारू आणि छर्रे वेगवेगळे तोलावेत. स्क्रूला हात त्यानंतर लावावा.

एकाच कंपनीच्या पुंगळ्यांतही आतली जागा सारखी नसते. काहींची भिंत सरळ, काहींची बुडाकडे जाड होत गेलेली असते; काहींत बुडाचा तुकडा वेगळा बसवलेला असतो. .410 मध्ये अशा पुंगळ्या मिसळल्या तर एक घडी खोलगट आणि पुढची फुगीर येते. वेगळा बसवलेला तुकडा सैल झाला असेल तर पुंगळी फेकून द्यावी. उडताना तो नळीत अडकू शकतो.

दारू आणि छर्रे अडकणे

प्रेसमध्ये (काडतुसे भरायच्या यंत्रात) दारू मापाच्या बुशिंगमधून (ठरावीक भोकाच्या नळकांड्यातून), म्हणजे आकारमानाने पडते, वजनाने नव्हे. .410 च्या अरुंद उतरण-नळीत दारूचे कण एकमेकांत गुंतून पूल बांधतात. एका पुंगळीत अर्धीच दारू पडते आणि उरलेली पुढच्या पुंगळीत आपल्या मापासह उतरते. हा या कामातला सर्वांत घातक दोष आहे. प्रत्येक पुंगळीत दिवा दाखवून दारूची पातळी पाहावी, आणि दर दहा काडतुसांमागे एकीतली दारू तोलावी. दारू ग्रेनमध्ये तोलतात; एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, सराफाच्या गुंजेच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. जळगावच्या सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा इथे लागतो. किराणा दुकानातला काटा उपयोगी नाही.

छर्‍यांचाही असाच पूल बनतो. अमेरिकन मापाचे 9 नंबरचे छर्रे (सुमारे 2 मिमी) सहज उतरतात, साडेसातचे (2.4 मिमी) अधूनमधून अडकतात. 6 नंबरचे (2.8 मिमी) .410 मध्ये मोजपळीने हातानेच घातलेले बरे. अडीच इंची .410 मध्ये नेहमीचे वजन अर्धा औंस, म्हणजे 14 ग्रॅम. 28 बोअरमध्ये पाऊण औंस, 21 ग्रॅम.

चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे हवा इतकी कोरडी असते की प्रेसवरच्या दारूच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि उतरण-नळीला स्थिर विजेने दारू चिकटते. मापात पडलेली दारू मग पुंगळीत पूर्ण पोचत नाही. प्रेसच्या धातूच्या भागाला अर्थिंग द्यावे आणि दारूची नळी मधूनमधून हलकेच टिचकी मारून मोकळी करावी. दारू तिच्या मूळ डब्यातच ठेवावी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा भरलेली काडतुसे पत्र्याच्या पेटीत किंवा बंद गाडीत ठेवू नयेत, कारण तापलेल्या दारूचा दाब वाढतो. धाब्याच्या घरातली मधली खोली यासाठी उत्तम. पावसाळ्यात कागदी पुंगळ्या ओल धरून फुगतात आणि चेंबरमध्ये घट्ट बसतात.

वॅड, प्राइमर आणि बूड

वॅड बसवताना त्याचा खालचा काठ पुंगळीच्या तोंडाला अडून दुमडला तर दारूचा वायू त्याच्या बाजूने निसटतो आणि बार कमजोर होतो. वॅड आत नेणाऱ्या मार्गदर्शकाच्या प्लास्टिक पाकळ्या झिजल्या की हे सुरू होते. त्या स्वस्त असतात, वेळेवर बदलाव्यात.

प्राइमर बुडाशी सपाट किंवा केसभर आत असावा. वर राहिलेल्या प्राइमरमुळे बंदूक मिटत नाही, किंवा मिटतानाच बार उडू शकतो. कारण बहुधा क्षुल्लक असते: प्राइमर बसवायच्या जागेखाली सांडलेला एखादा छर्रा. भरलेल्या काडतुसाचा प्राइमर पुन्हा दाबू नये. ते काडतूस बाजूला काढावे. बार उडाल्यावर फुगलेले बूड दाबून मूळ मापावर आले की नाही हे पुंगळी भरण्याआधी स्वतःच्या बंदुकीच्या चेंबरमध्ये घालून पाहावे. लोखंडी बूड पितळी बुडापेक्षा हट्टी असते, दाबून सोडले की थोडे परत फुगते.

फुसका बार

आवाज ‘फुस्स’ आला, धक्का जाणवला नाही, नळीतून न जळलेली दारू सांडली, तर दारू कमी होती, वॅड तिरके होते किंवा घडी सैल होती. त्याच क्षणी थांबावे. बंदूक उघडून, रिकामी करून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. वॅड आत अडकलेले असताना पुढचा बार काढला तर नळी फुटते. .410 ची नळी अरुंद असल्याने नुसत्या डोळ्यावर भरवसा न ठेवता गज पूर्ण घालून पाहावा.

20 बोअरचे काडतूस 12 च्या नळीत पडले तर ते पुढे सरकून अडकते, चेंबर रिकामे दिसते, आणि मागून 12 चे काडतूस भरून बार काढला की दोन्ही मिळून नळी फोडतात. 28 चे काडतूस 20 च्या नळीत गेले तरी हाच धोका. 20 बोअरच्या पुंगळीचा पिवळा रंग त्यासाठीच आहे. पुनर्भरणात दुसऱ्या रंगाच्या पुंगळ्या आल्या तर त्या वेगळ्या डब्यात, डब्यावर आकडा लिहूनच ठेवाव्यात.