वाहन उत्पादनाची आकडेवारी (भारत)

कारखान्यांत किती गाड्या तयार झाल्या, किती देशात विकल्या गेल्या आणि किती निर्यात झाल्या, याची मोजदाद. भारतात ती वाहन उत्पादकांची संघटना 'सियाम' एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षानुसार मांडते. जागतिक आकडे 'ओइका' ही पॅरिसमध्ये 1919 साली स्थापन झालेली संस्था जानेवारी ते डिसेंबर असे देते. त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करू नये.

जुळवणी संपून अंतिम तपासणीत पास झालेली गाडी उत्पादनात धरतात. खरा घोळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. महिना उलटताच कंपन्या जी 'विक्री' जाहीर करतात, ती बहुतांशी कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांची असते. ग्राहकाने गाडी घेतल्याचा पुरावा म्हणजे आरटीओची नोंदणी. 'वाहन' या सरकारी प्रणालीतून ती घेऊन डीलरांची संघटना 'फाडा' स्वतंत्र आकडे देते. 2023-24 मध्ये देशात सुमारे 49 लाख प्रवासी वाहने (कार, एसयूव्ही, व्हॅन) बनली, सुमारे 6.7 लाख निर्यात झाली आणि सियामच्या हिशेबाने देशांतर्गत विक्री 42.2 लाखांच्या आसपास होती. फाडाचा आकडा मात्र सुमारे 39.5 लाख. तफावतीचा काही भाग तेलंगणाचा, कारण तिथली नोंदणी तेव्हा 'वाहन'मध्ये येत नव्हती. काही भाग डीलरांच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांचा. बाजारात खरी मागणी किती, हे पाहायचे तर नोंदणीचाच आकडा धरावा. रवानगी कंपनीच्या हातात असते, नोंदणी नसते. सणासुदीच्या आधी डीलरकडे माल भरला जातो, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो.

देशांतर्गत विक्री आणि निर्यात वेगवेगळी मोजतात. टाळेबंदीमुळे एप्रिल 2020 मध्ये मारुती सुझुकीने देशांतर्गत विक्री शून्य जाहीर केली. त्याच महिन्यात मुंद्रा बंदरातून तिच्या 632 गाड्या निर्यात झाल्या.

एकच गाडी दोनदा मोजली जाण्याचा धोकाही असतो. टोयोटाची ग्लान्झा ही मूळची बलेनो. ती मारुती पुरवते आणि असा पुरवठा आपल्या मासिक आकड्यांत वेगळ्या ओळीत दाखवते. ही ओळ न वगळता दोन्ही कंपन्यांच्या एकूण विक्रीची बेरीज केली, तर गाड्या फुगतात. चाकणला मर्सिडीज-बेंझ आयात सुट्या भागांच्या संचांतून गाड्या जुळवते; असे संच पाठवणाऱ्या आणि जुळवणाऱ्या अशा दोन्ही देशांनी आपापल्या उत्पादनात धरले, तर जागतिक बेरीजही चुकते.