मिशिगन वुल्व्हरीन्स

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. वुल्व्हरीन हा उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला चिवट मांसाहारी प्राणी. त्याच्यावरून हे नाव पडले. गणवेश मक्याच्या पिवळ्या आणि निळ्या रंगाचा. या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो. 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

संघाने पहिला सामना 1879 साली शिकागोत रसीन कॉलेजविरुद्ध खेळला आणि 1-0 असा जिंकला. त्याला खरा दबदबा मिळाला तो फील्डिंग योस्ट यांच्यामुळे. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पहिल्याच मोसमात, 1901 मध्ये, मिशिगनने 11 सामन्यांत 550 गुण केले आणि एकही गुण दिला नाही. मोसमातला शेवटचा सामना म्हणजे 1 जानेवारी 1902 चा पहिला रोझ बोल, कॅलिफोर्नियातल्या नववर्षाच्या उत्सवात होणारा सामना. मिशिगन 49-0 असे पुढे असताना, 8 मिनिटे शिल्लक ठेवून स्टॅनफर्डने हार मानली. त्यानंतर त्या उत्सवात थेट 1916 पर्यंत फुटबॉल खेळला गेला नाही. सलग 56 सामने अपराजित राहिलेल्या या संघाला अखेर 1905 मध्ये शिकागो विद्यापीठाने 2-0 असे हरवले.

शिरस्त्राणावरचे पंखासारखे नक्षीकाम 1938 मध्ये फ्रिट्झ क्रायस्लर या प्रशिक्षकांनी आणले. त्यांचे याहून मोठे काम मात्र 1945 चे. आर्मी या अमेरिकी लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी खेळताना त्यांनी आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी, अशी विभागणी केली. आज सगळेच संघ असे खेळतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड 1932 ते 1934 या काळात या संघातून खेळले. त्यांचा 48 क्रमांक नंतर निवृत्त करण्यात आला.

1927 साली उभारलेले मिशिगन स्टेडियम ‘बिग हाउस’ म्हणून ओळखले जाते. त्यात 1,07,601 प्रेक्षक बसतात आणि अ‍ॅन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आहे! सामन्याच्या शनिवारी मैदानात दुसरे गावच वसते.

तरीही या संघाचे मोसम एकाच सामन्यावर जोखले जाते: शेजारच्या ओहायो राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या. हे वैर 1897 पासूनचे. 1969 मध्ये नवे प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांनी अपराजित ओहायो स्टेटला 24-12 असे हरवले. समोरचे प्रशिक्षक वूडी हेज, म्हणजे एकेकाळचे त्यांचेच गुरू. या गुरुशिष्यांच्या दहा सामन्यांत मिशिगनने 5 जिंकले, 4 गमावले, 1 बरोबरीत सुटला. 1997 मध्ये मिशिगन अपराजित राहिला, राष्ट्रीय विजेतेपद नेब्रास्कासह विभागून मिळाले आणि बचावपटू चार्ल्स वूडसनला मोसमातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन चषक मिळाला. त्यानंतरचा काळ पाठीराख्यांना फार जड गेला. 2007 मध्ये घरच्या मैदानावर खालच्या गटातल्या अ‍ॅपलाचियन स्टेटने 34-32 असे हरवले. 2004 ते 2019 या 16 वर्षांत ओहायो स्टेटवर एकच विजय मिळाला, 2011 मध्ये.

संघाचे जुने खेळाडू जिम हार्बॉ 2015 मध्ये प्रशिक्षक म्हणून परतले. 2020 मध्ये संघ 6 पैकी 4 सामने हरला, तरी विद्यापीठाने त्यांना ठेवले. पुढच्याच वर्षी ओहायो स्टेटवर 42-27, मग 45-23 आणि 30-24 असे विजय आले. 2023 चे मोसम विलक्षण होते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून खेळाडूंना करतात ते इशारे नियमबाह्य मार्गाने टिपल्याच्या प्रकरणात हार्बॉ यांच्यावर शेवटच्या तीन साखळी सामन्यांपुरती बंदी आली. त्यामुळे 18 नोव्हेंबरला मेरिलँडवर 31-24 अशी मात करून मिशिगन हजार विजयांचा पहिला संघ ठरला, तेव्हा ते मैदानाच्या कडेला नव्हते. रोझ बोलमध्ये अलाबामावर जादा वेळेत 27-20 आणि 8 जानेवारी 2024 रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनवर 34-13 अशी मात करून मिशिगनने 15-0 अशा कामगिरीने विजेतेपद मिळवले. त्या प्रकरणाचा डाग मात्र या यशाला चिकटून राहिला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

हार्बॉ व्यावसायिक फुटबॉलकडे गेल्यावर शेरोन मूर प्रशिक्षक झाले. 2024 मध्ये 8 विजय, 5 पराभव अशी साधारण कामगिरी झाली, पण त्यात कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावात, त्यांच्यावरचा 13-10 हा विजय होता, आणि त्याच ओहायो स्टेटने पुढे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. 29 नोव्हेंबर 2025 रोजी अ‍ॅन आर्बरमध्ये ओहायो स्टेटने 27-9 असा सामना जिंकून मिशिगनची सलग चार विजयांची मालिका तोडली.