ड्रेसाजमध्ये बिटची सक्ती का टिकून आहे?

ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली करवून गुण मिळवायचा घोडेस्वारीचा खेळ. त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बिट, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा धातूचा भाग, सक्तीचं आहे. पण बिटशिवाय घोडा हाकणं ही काही आजची टूम नव्हे. रोमन फौजांशी लढलेले नुमिडियन स्वार गळ्यातल्या दोरावर आणि हातातल्या काठीवर घोडे वळवत. ब्राँझची बिटं इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात रूढ झाली आणि पुढे युद्धशास्त्राने ती पक्की केली. तरी बिटलेस परंपरा पुरती बुजली नाही. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन गुराखी शिंगराला आधी कच्च्या चामड्याच्या विणलेल्या नाकपट्टीवर, म्हणजे बोसालवर, तयार करत. बिट तोंडात जाई ते बऱ्याच उशिरा, घोडा हलक्या हाताला उत्तर देऊ लागल्यावर.

आजचा वाद मात्र या इतिहासावरून पेटलेला नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस एका निवृत्त पशुवैद्यक प्राध्यापकाने जबड्याखाली पट्ट्यांची फुली असलेला लगाम बाजारात आणला. डावीकडे ओढलं की डोक्याच्या उजव्या बाजूवर दाब येतो आणि घोडा डावीकडे वळतो. बिटमुळे हिरड्या, जीभ आणि श्वास या तिन्हींना त्रास होतो, हा त्यांचा मुद्दा. 2009 मध्ये त्यांच्याच सहभागाने एक प्राथमिक अभ्यास छापून आला. त्यात बिटवर सरासरी 37 टक्के गुण मिळवणारे घोडे बिटलेसवर 64 टक्क्यांपर्यंत गेले. घोडे होते चारच, आणि प्रत्येकाची आधी बिटवर, मग लगेच बिटलेसवर चाचणी. दुसऱ्या खेपेला घोडा सरावलेला असतो, हे पागेतला पोरगाही सांगेल. समर्थक आजही हे आकडे पुढे करतात. खरं तर त्यांची बाजू या आकड्यांशिवायही लंगडी पडत नाही.

कारण खरी गाठ नियमात आहे. शो जंपिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या खेळात, हॅकमोर चालतो; हा बिटऐवजी नाकावर दाब देणारा लगाम. 1976 ते 1979 अशी सलग चार वर्षं हिकस्टेडची डर्बी ही उड्यांची स्पर्धा जिंकणारा बूमरँग हा घोडा हॅकमोरवरच पळत होता. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या मैदानातले अडथळे ओलांडताना, भर वेगातही हॅकमोर चालतो. आणि 20 बाय 60 मीटरच्या सपाट रिंगणात, जिथे घोडा कुठे उधळून जाण्याची शक्यता सगळ्यात कमी, तिथे आंतरराष्ट्रीय ड्रेसाज बिटवर अडून बसतं. म्हणजे सुरक्षिततेची सबब इथे लागू पडत नाही. अडचण मोजमापाची आहे. ड्रेसाजच्या प्रशिक्षणाच्या सहा पायऱ्यांपैकी तिसरी म्हणजे 'संपर्क': स्वाराच्या हातापासून घोड्याच्या तोंडापर्यंतचा सलग, मऊ ताण. घोडा बिट कसं स्वीकारतो, तोंड शांत आहे की जीभ बाहेर येतेय, हे पाहून परीक्षक गुण देतात. बिटच काढलं तर बघायचं काय, हा परीक्षकांचा सवाल अगदीच गैर नाही. पण संपर्काची व्याख्याच बिट धरून केली आणि मग बिटशिवाय संपर्क होत नाही असं ठरवलं, तर त्या व्याख्येबाहेरचं काही सिद्ध करायला जागाच उरत नाही.

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघटनेने ही कोंडी 2010 च्या दशकात देशांतर्गत ड्रेसाजपुरती फोडली आणि बिटलेसला परवानगी दिली. त्यामुळे एकच घोडा देशातल्या स्पर्धेत बिटशिवाय गुण मिळवू शकतो, आंतरराष्ट्रीय रिंगणात मात्र त्याला बिट चढवावंच लागतं.

दुसरी बाजूही थोडक्यात सांगायला हवी, कारण 'बिट नाही म्हणजे वेदना नाही' हा समज पसरला आहे. यांत्रिक हॅकमोरला लांब दांड्या असतात. तरफेमुळे हाताचा ताण कित्येक पट होऊन नाकावर आणि हनुवटीखालच्या साखळीवर येतो. नाकाचं हाड नाकपुडीकडे निमुळतं आणि नाजूक होत जातं. पट्टी दोन बोटं खाली सरकली की दाब नेमका तिथे, आणि घोडा तर तोंडाने श्वास घेऊच शकत नाही.

2025 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बिटच्या लगामावरची, नाक-जबड्याभोवती बांधायची नाकपट्टी किती आवळली आहे ते एकाच ठरावीक साधनाने मोजलं जातं. बिट सक्तीचं ठेवून नाकपट्टीवर पहारा, अशी सध्याची तडजोड आहे.